दोन आवाजांची शंदाना

शंदानाला दोन आवाज होते. रेडिओवरचा अख्ख्या पेशावरला ठाऊक होता. घरातला मात्र बसका, घोगरा, सर्दी कायमची मुक्कामाला आल्यासारखा. तिची सासू, जिला सगळे अदे म्हणत, आठ वर्षं तिला ज्येष्ठमधाचा काढा पाजत होती. "पोरी, तुझा घसा म्हणजे गंजलेलं कुलूप गं," म्हणायची. शंदाना मुकाट्यानं प्यायची. खोटं बोलायचं तर त्याचा काढाही आपल्यालाच प्यावा लागतो.

घरी सांगितलं होतं की ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. खरं काय ते फक्त नवऱ्याला माहीत. त्यानंच तिला रेडिओ केंद्रावर आवाजाच्या चाचणीला पाठवलं आणि शारजाला क्रेन चालवायला निघताना बजावलं, "लालाला तेवढं कळू देऊ नकोस. बाकी दुनियेचं मी बघून घेईन." शारजाहून कसं बघणार, ते काही सांगितलं नाही. नवऱ्यांना शौर्य सुचतं ते विमानतळावरच.

लाला म्हणजे थोरला दीर, अजमीर खान. ट्रकच्या टायरांचं दुकान, बोलणं मोजकं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या चुलत्याची मुलगी एका लग्नात गायली आणि त्या गाण्याची कॅसेट बाजारात फिरली. लालानं तिला बसमध्ये बसवून डोंगरात मामाकडे पोचवलं. ती परत आली नाही. घरात कुणी विचारलंही नाही, आणि शंदानाला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती या न विचारण्याची.

आणि हाच लाला रोज संध्याकाळी बैठकीत मित्र जमवून पश्तो नाटक ऐकायचा! त्यातल्या रुखसार नावाच्या बाईवर तर त्याचा फार जीव. "रडायला लागली की वाटतं, आपलीच बहीण रडतेय," तो म्हणायचा.

"बहीण असती तर लाला, रेडिओपर्यंत पोचली असती का?" एकदा एका मित्रानं टोला हाणला. सगळे खो खो हसले, लालाही हसला. भिंतीपलीकडे कणीक मळणाऱ्या रुखसारचे, म्हणजे शंदानाचे, हात थांबले.

बाजारात ती तोंड उघडत नसे. बांगड्यांचा भाव तिची सात वर्षांची पलवशा करायची. "तुझी आई मुकी आहे का गं?" दुकानदार विचारायचा. "नाही, महाग आहे म्हणून गप्प आहे," पोरगी ठणकावायची.

त्या आठवड्यात केंद्रावर मरियमबाजींनी तिला बोलावून घेतलं. नाटकं बसवणाऱ्या या बाईनं तिच्यासाठी वर्षभर वरच्यांशी भांडण मांडलं होतं. "कायमची नोकरी आहे. बातम्या वाचायच्या. इथं ही जागा बाईला पहिल्यांदाच मिळतेय. पण बातम्या टोपणनावानं वाचत नाहीत, बेटा. गुरुवारी सही कर, नाहीतर जागा गेली."

खरं नाव! शंदानाला नोकरी हवी होती, इतकी की रात्रंदिवस दुसरं काही सुचेना. आणि डोळे मिटले की ती बस दिसायची.

मंगळवारी संध्याकाळी ती अंगणात तंदूरपाशी नान लावत होती. बैठकीत तिचंच नाटक सुरू होतं, मागच्या महिन्यात ध्वनिमुद्रित केलेलं. तेवढ्यात अदे नान काढायला वाकली आणि तिच्या ओढणीनं पेट घेतला.

"अदे! मागं व्हा!"

शंदाना ओरडली ती खऱ्या आवाजात. हातांनी ओढणी ओढली, पायाखाली विझवली. अदेला साधा चटकाही लागला नाही. पण भिंतीपलीकडून त्याच क्षणी रेडिओवर तोच आवाज बोलत होता, आणि दोन्ही आवाज लालानं एकाच वेळी ऐकले. रेडिओ खट्कन बंद झाला.

लाला दारात आला. अदेकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "हात भाजला का?"

कुठल्या आवाजात सांगायचं? तिनं नुसती मान हलवली. तो आत गेला.

बुधवारी रेडिओ लागला नाही. लाला जेवून उठून गेला. शंदानानं पलवशाचे कपडे धुऊन, घड्या घालून एका बोचक्यात बांधले. आपल्यामागे पोरीला निदान कपडे तरी सापडावेत.

गुरुवारी सकाळी तो दारातच उभा होता. "शिवणाची शाळा की रेडिओ?"

"रेडिओ, लाला," ती म्हणाली. या घरात जाणूनबुजून आपल्या आवाजात बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"चल. मी येतो."

तो दहा पावलं पुढं, ती मागं. बसच्या अड्ड्यापाशी ती मागंच उभी राहिली. लाला थांबला, वळून पाहिलं, आणि केंद्राच्या रस्त्याला लागला. तिनं सही केली. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा तो समोरच्या चहा-कहव्याच्या दुकानात बसूनच होता.

याला आता नऊ वर्षं झाली. शंदानाच्या नावानं पेशावर बातम्या ऐकतं. लाला रोज तिला पोचवतो, रोज तिथंच बसतो, टायरांचं दुकान भाच्यावर सोडून. तो तिची राखण करतो की पाळत ठेवतो, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. कहव्याच्या दुकानातला रेडिओ मात्र तो बातम्यांच्या वेळी मोठा करायला सांगतो आणि खाली मान घालून शब्दन्‌शब्द ऐकतो.

समोर तो ऐकत असतो हे तिला ठाऊक आहे. नऊ वर्षांत शंदाना एका शब्दालाही अडखळलेली नाही. नव्या मुलींना मरियमबाजी तिचं उदाहरण देतात.