खिडकीतली मिरची

बाहेर बर्फ, आणि आत हीटरवरच्या खिडकीत माझं मिरचीचं रोप. बी साताऱ्याहून आणलेलं. उन्हाऐवजी दिवा लावला, मधमाश्या नाहीत म्हणून फुलांवरून स्वतः कापूस फिरवला, तेव्हा कुठे चार मिरच्या लागल्या. दिसायला अगदी गावाकडच्या. पहिली चावली तर काकडी खाल्ल्यासारखी लागली. मिरचीला ऊन लागतं, तहान लागते, थोडा छळही लागतो. नुसत्या उबेत तिला राग यावा तरी कशाचा?

या घरातही कुणाला राग येत नाही. नवऱ्याचं आणि माझं शेवटचं भांडण कधी झालं ते आठवत नाही. तो त्याच्या खोलीत, मी माझ्या. शेजारीण म्हणते, किती शांत घर आहे तुमचं.

माझी आई मिरची कधी कुणाच्या हातात देत नसे. "हातात दिली की भांडणं होतात," म्हणायची आणि ताटात ठेवायची. मीही आजवर तसंच केलं.

आज जेवताना नवऱ्याने मोबाईलमधून डोकं वर न काढता मिरचीसाठी हात पुढे केला. मी मुद्दाम ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि वाट बघत राहिले.

"थँक यू," तो म्हणाला.