एक नंबरचा प्लग कुठला

मार्च १९७४, सोमवार, सकाळ. ठिकाण : पलूसच्या बाहेर, मळ्यातल्या घराचं अंगण. हजर : सुभेदार (निवृत्त), त्यांची पत्नी, मुलगी शालन, मेव्हणे दिनकर गुरुजी, मी, आणि बॉनेट उघडी असलेली एक जुनी ॲम्बॅसडर. गैरहजर : मिरजेला जाणारी एस.टी. ती मी पोचण्याआधीच निघून गेली होती.

मी पलूसला गॅरेज चालवतो. गुरुजी सायकलवरून मला बोलवायला आले तेव्हा मी शटर उघडत होतो.

"मिस्त्री, चला. गाडी फटाके वाजवतीय."

"सुरू होते का?"

"न्हाई. नुसती वाजती."

मी हत्यारांची पिशवी भरली : पाने, फीलर गेज, टेस्ट लॅम्प, कापड. पिशवी भरताना मी प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्यानं घेतो. लोक हसतात, पण मला पाना आणायला परत जावं लागत नाही.

अंगणात सुभेदार इंजिनासमोर उभे होते. त्यांच्या उजव्या भुवईचे थोडे केस जळलेले होते. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

"काय काय खोललंत?"

"काय न्हाई. पॉइंट घासलं, टायमिंग बांधलं. काल दिवसभर मी आन् दिनकर हेच करत हुतो."

"त्याआधी गाडी चालत होती?"

"व्हय. लय झ्याक."

"मग खोललीत कशाला?"

"पोरगी मुलाखतीला जाणार. गाडी टिपटॉप नको?"

शालन पायरीवर बसली होती. मांडीवर सर्टिफिकिटांची पिशवी. "आबा, मला एस.टी.नं जाऊ दिलं असतं तर मी आत्ता वाटंला लागले असते."

"घरात गाडी असताना एस.टी.?"

"गाडी हाय घरात. हालत कुठं हाय?"

प्रकरण साधं नव्हतं. मिरजेला नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत होती, अकरा वाजता. नाव पुकारल्यावर जो हजर नसेल त्याचा विचार होणार नाही, असं पत्रात छापलेलं होतं. पुढची भरती कधी, ते छापलेलं नव्हतं. इकडे चुलत्यांनी विट्याचं एक स्थळ आणून ठेवलं होतं आणि ते लोक उत्तराची वाट बघत होते. यंदा ट्रेनिंग हुकलं तर दुसऱ्या वर्षी विचारायला शालन या घरात असेलच, असं नव्हतं.

मी कामाला लागलो. पेट्रोल येतंय का, बघितलं. येत होतं. एक प्लग काढून बॉडीला टेकवला आणि सुभेदारांना हँडल मारायला लावलं. निळी ठिणगी पडली. म्हणजे करंटही होता. करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटची फट गेजनं मोजली. बरोबर होती.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, आणि तरी गाडी फटाके वाजवते, तर ठिणगी भलत्या वेळी पडते आहे. टायमिंग म्हणतात ते हेच. इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पिस्टन वर येऊन पेट्रोल आणि हवा दाबतो, आणि तो अगदी वर पोचायच्या जरा आधी प्लगनं ठिणगी टाकायची असते. कोणत्या प्लगला कधी करंट द्यायचा, ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. त्याच्या टोपीतून चार वायरी निघतात आणि चार प्लगना जातात. टोपीच्या आत रोटर फिरतो आणि पाळीपाळीनं एकेका वायरीला करंट देतो. पाळी ठरलेली : एक, तीन, चार, दोन.

"टायमिंग कोणी बांधलं?"

"मी," सुभेदार म्हणाले. "एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा धरला, हँडल फिरवलं. हवेनं अंगठा उडवला तवा थांबलो. तितं टायमिंग बांधलं."

पद्धत अचूक होती. मी स्वतः तशीच करतो.

"आणि वायरी?"

"त्या मी लावल्या," गुरुजी म्हणाले. "दाजी म्हणाले, रोटर आता एक नंबरवर आहे. मी तिथं एक नंबरची वायर लावली. पुढं तीन, चार, दोन. तीनदा तपासलं."

हेही अचूक होतं. दोघांची कामं बरोबर आणि गाडी बंद, असं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"काल केलंत तसं पुन्हा करून दाखवा," मी म्हणालो. "आधी एक नंबरवर बोट ठेवा. दोघंही."

दोघांनी बोटं ठेवली. सुभेदारांचं बोट काचेकडच्या शेवटच्या प्लगवर होतं. गुरुजींचं रेडिएटरकडच्या पहिल्या प्लगवर.

गुरुजी वाकून सुभेदारांच्या बोटापर्यंत गेले.

"दाजी, हा एक नंबर?"

"मग? परेडला नंबर उजवीकडनं पडत्यात. हे चौघं माझ्याकडं तोंड करून हुभं हायत. त्यांची उजवी ती माझी डावी. म्हंजे ह्यो एक नंबर."

"आवं, पुढचा बाक तो पहिला बाक. शाळेत कवा मागनं मोजत्यात का?"

"ही शाळा हाय व्हय रं?"

"मग काय पलटण हाय?"

सुभेदारांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "दोघं एकच गाडी बांधत हुता का दोन?"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. गॅरेजमध्ये रेडिएटरकडून मोजतात, हे मी सांगितलं. गुरुजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. सुभेदार म्हणाले, "तुमच्या गॅरेजात मोजत असतील."

आता गंमत अशी की एक आणि चार हे दोन पिस्टन एकाच वेळी वर येतात. फरक इतकाच, की एक जण पेट्रोल दाबत असतो तेव्हा दुसरा धूर बाहेर टाकत असतो. सुभेदारांनी मागचा पिस्टन दाबावर आणला आणि गुरुजींनी त्याची वायर पुढच्याला दिली. म्हणजे धूर टाकून नवं पेट्रोल आत घ्यायला निघालेल्या सिलिंडरला ठिणगी मिळाली. ते पेट्रोल पेटून कार्बोरेटरमधून उलटं बाहेर आलं. भुवईचा खुलासा झाला.

डिस्ट्रिब्युटरला हात लावायची गरज नव्हती. मी टोपीवरच्या चारही वायरी उपसल्या आणि प्रत्येक वायर समोरच्या भोकात लावली. एकाच्या जागी चार, तीनच्या जागी दोन. सुभेदारांनी स्टार्टर दाबला. इंजिन लागलं. मग डिस्ट्रिब्युटर किंचित सैल करून मी तो हातानं इकडेतिकडे फिरवला. ठिणगी फार आधी पडली की इंजिन खडखडतं, उशिरा पडली की मंद पडतं. सुभेदारांनी बांधलं होतं तिथंच आवाज सगळ्यात चांगला होता. मी तो पुन्हा तिथंच आवळला.

"बघा," सुभेदार म्हणाले. "माझं टायमिंग बरोबरच हुतं."

"वायरीपण क्रमानंच होत्या," गुरुजी म्हणाले.

शालन मागच्या सीटवर बसून दार लावून मोकळी झाली होती. "मिस्त्री, तुमीबी चला. आन् आबा, मिरज येईस्तवर बॉनेटला कुणी हात लावायचा न्हाई."

मी गेलो. तासगावच्या अलीकडे सुभेदारांनी गाडीचा वेग कमी करून कान टवकारले. "कायतरी वाजतंय का रं, दिनकर?"

"आबा!"

वेग वाढला.

आम्ही पोचलो तेव्हा बाकावर मुली बसल्या होत्या आणि आतून नावं पुकारायला सुरुवात झाली होती. शालनचं नाव अजून यायचं होतं. पुकारा सुरू झाल्यावर का पोचलीस, असं आत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला विचारलं. तिनं सांगितलं, "घरी एक नंबर कुठला ते ठरत नव्हतं." बाईंना काय वाटलं माहीत नाही, पण यादीत तिचं नाव लागलं. विट्याच्या स्थळाला सुभेदारांनी स्वतः नकार कळवला, त्याच गाडीतून जाऊन. आता शालन सांगलीला नोकरी करते.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकलो. ज्यानं टायमिंग बांधलं त्यानंच वायरी लावाव्यात. आणि कोणी "एक नंबर" म्हणालं तर आधी त्याला बोट लावून दाखवायला सांगावं.

तिसरी गोष्ट बाकी आहे. पुन्हा घोटाळा नको म्हणून इंजिनावर पांढऱ्या रंगानं ठळक एकचा आकडा काढायचं त्याच दिवशी ठरलं. कोणत्या टोकाला, ते अजून ठरलेलं नाही. गाडी माझी आहे, असं सुभेदारांचं म्हणणं आहे. मी दोनदा रंगाचा डबा घेऊन गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो.