मागच्या दाराची किल्ली

शिवणखात्याची मुकादमबाई तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. कारखान्यातली पाळी सुरू झाली की हॉलच्या मागच्या दाराला ती कुलूप घालायची आणि किल्ली कमरेला खोचायची. माल बाहेर जायला नको, बायकांनी टंगळमंगळ करायला नको, असा मालकांचा हुकूम. त्या किल्लीची तिला ऐटच होती, खोटं कशाला बोला!

परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येणार होतं. त्याच्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलता आले, तर बाईला सुपरवायझर करणार होते. म्हणून पन्नाशीत बाई शिकायला बसली. भाचीने सोप्या इंग्रजीतली पुस्तकं आणली, जगभरातल्या प्रश्नांवरची. एक पाण्याचं, एक घरदार सुटलेल्या लोकांचं, एक कपडे शिवणाऱ्या बायकांचं.

"हे आपलंच की," बाई म्हणाली, "हेच आधी घे."

तिथंच घात झाला. गोष्टीतल्या कारखान्याला आग लागते, बायका मागच्या दाराकडे धावतात, तर दाराला कुलूप. खाली प्रश्न होता, कुलूप कोणी लावलं? बाईने पानं उलटीपालटी केली. उत्तर धड्यात नव्हतंच.

"मावशी, तो नुसता विचार करायला असतो. सोड ना," भाची म्हणाली.

सोडते कुठली! दुसऱ्या दिवसापासून कुलूप लावलं की तिला दारावर मुठी आपटल्यासारख्या ऐकू यायच्या. दाराला लागूनच तिच्या सुनेचं मशीन. पोरगी खाली मान घालून कॉलरी शिवायची आणि बाईला धुराचा वास यायचा. शेवटी तिने मॅनेजरला विचारलं, दार उघडं ठेवू का म्हणून.

"पुस्तकं वाचून डोकं फिरलं का बाई? बढती हवीय ना?"

हवी होतीच. का नसावी? जन्म उभ्याने गेला, आता कुठे खुर्ची मिळत होती.

पाहणीच्या दिवशी मॅनेजरने दार सताड उघडून घेतलं. गिऱ्हाइकाने दाराकडे बोट दाखवून सावकाश इंग्रजीत विचारलं, हे रोज उघडं असतं ना? "येस सर" एवढंच बाईकडून घोकून घेतलं होतं. सुनेचं मशीन थांबलं.

बाईने कमरेची किल्ली काढून पाहुण्याच्या हातावर ठेवली.

"आय लॉक द डोअर," ती म्हणाली. "एव्हरी डे."

खुर्ची गेली, नोकरीही गेली. सून रोज सांगते, दार आता उघडंच असतं. तरी ती घरी येईपर्यंत बाईच्या घशाखाली घास उतरत नाही.