साहेबांचे चार मासे आणि तात्यांची विहीर

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि माझ्या हातून चार मासे मरता मरता वाचले ते शाळेची पायरीही न चढलेल्या माझ्या आईमुळे.

तेव्हा पिंपरीत नुकते कारखाने येत होते. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी उमेदवारीवर होतो. आमचे साहेब महिनाभर मुंबईला निघाले आणि आपली काचेची पेटी, चार सोनेरी माशांसकट, माझ्या खोलीवर पाठवून दिली.

"आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. माशांच्या घाणीतून नायट्रेट साठतं, ते वाढू देऊ नका. आल्यावर तुमचं कायम होण्याचं बघू."

मासे आणि नोकरी त्यांनी एका दमात सांगितली, त्यामुळे मला ती एकच गोष्ट वाटली.

रोज मी पेटीतलं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यायचो. तिथली औषधं घातली की नायट्रेट पिवळं दिसतं. जितकं गडद, तितकं जास्त. पहिल्या दिवशी रंग लिंबाच्या सरबतासारखा. चौथा हिस्सा पाणी बदललं, तर झेंडूसारखा. घाबरून सगळं बदललं, तर थेट हळद!

"आता रोज सगळं पाणी बदलायचं," मी आईला म्हणालो.

"मासे केवढे रे, रघू?"

"बोटाएवढे."

"आणि एवढी घाण करतात?"

"शास्त्र आहे ते, आई."

पाणी घरमालक तात्यांच्या विहिरीचं. विहिरीला लागून गोठा, गोठ्याला लागून उकिरडा. तात्यांना विहिरीचा फार अभिमान. "मास्तर," ते म्हणायचे (मी मास्तर नव्हतो, पण शिकलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच), "आमच्या हिरीचं पानी पिऊन बैलं बगा कशी झाल्यात."

पेटीतून काढलेलं पाणी आई दारातल्या अळवाला घालायची. पंधरा दिवसांत अळू असं माजलं की शेजारचं मांजर दुपारी त्याच्या सावलीला झोपू लागलं. माशांच्या पाण्यात जादू आहे, अशी बातमी आळीभर झाली. बायका घागरी घेऊन दारात उभ्या. पाणी शेंदून माझे हात सोललेले, म्हणून मी नियम केला: विहिरीची एक घागर पेटीत ओता, पेटीतली एक घरी न्या. खुद्द तात्या मिरच्यांसाठी रांगेत उभे राहिले. आपल्याच विहिरीचं पाणी ओतून, घागर भरून, माशांना नमस्कार करून गेले.

मासे मात्र मलूल. तोंड वर काढून नुसते तरंगत होते. साहेब दुसऱ्या दिवशी यायचे. मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निष्कर्ष: दोष माशांचा.' खाली सही, सहीपुढे बी.एस्सी.

आई म्हणाली, "ओतायच्या आधीचं पाणी कधी बघितलंस का?"

"विहिरीचं? ते स्वच्छच असतं."

"अळवाची मागची ओळ मी नुसत्या विहिरीच्या पाण्यावर वाढवलीय. तीही तेवढीच माजलीय."

मी बाटली घेऊन प्रयोगशाळेकडे पळालो. विहिरीचं पाणीही पिवळंजर्द निघालं. उकिरडा विहिरीत पाझरत होता आणि विहीर मी पेटीत ओतत होतो. महिनाभर मी नायट्रेट काढून नायट्रेट भरलं होतं.

पवना नदीवरून चार हंडे आणले आणि थोडं थोडं करून पाणी बदललं. सकाळी मासे हिंडू लागले, आणि साहेब दारात आले. त्यांनी सबंध वही वाचली.

"एकही आकडा लपवला नाहीत. कायम झालात," ते म्हणाले. "फक्त निष्कर्षातले मासे खोडा आणि तिथं स्वतःचं नाव घाला."

मी मासे खोडून माझं नाव घातलं. मग आईला बजावलं, "यापुढे त्या विहिरीचा थेंबसुद्धा माशांना नको. फार वाईट पाणी आहे."

"बरं," म्हणून आईने साहेबांपुढे चहा ठेवला. अर्धा कप संपल्यावर साहेब थबकले.

"आई, हा चहा कुठल्या पाण्याचा?"

"विहिरीच्याच. नदीचं यानं माशांसाठी झाकून ठेवलंय."

घरात पदवीधर एकच होता, आणि तो माशांच्या बाजूला होता.