पिल्लांचं पाणी

सुगंधाबाईला लांडग्याची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, आणि नवऱ्याची तर कधीच नव्हती. देवगाव फाट्याच्या पलीकडच्या रानात तिनं तरुणपणी एकटीनं मेंढरांचा कळप राखला होता. अशी ही बाई या वर्षी एका काचेच्या पेटीला भ्यायला लागली. पेटी होती सून विजयमालेच्या खाटेशेजारी, आणि तिच्यात होती गप्पी माशांची पिल्लं. जिऱ्याच्या दाण्याएवढी. नीट निरखलं तर नुसते डोळेच पोहताहेत असं वाटायचं.

विजयमालेला दिवस गेले होते. आधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, म्हणून या खेपेला डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं. पडून पडून बायको उबगली, तेव्हा सुगंधाबाईच्या लेकानं, हरिओमनं, सेलूहून हे मासे आणले. सुगंधाबाईनं नाक मुरडलं. "ज्याला दूध न्हाई, लोकर न्हाई, ते जित्राब घरात काहून?" पण मादी व्याली, पेटीत पिल्लं वळवळली, आणि सासूबाईंचा सूरच पालटला. घरात मुकं जित्राब नांदलं की लेकरू नांदतं, असं तिनंच ठरवलं आणि तिनंच गल्लीभर सांगितलं. पोखर्णीच्या नरसिंहाला नवसही बोलून मोकळी झाली. शकुनाचं असंच असतं, धरायला सोपा आणि सोडायला महाकठीण. पिल्लं जगली तर सुनेचं जगेल. नाही जगली तर काय, हे मनात आलं की ती घाईघाईनं झाडू हातात घ्यायची.

पाण्याची रीत विजयमालेनं तिला शिकवली होती. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून ते वेगळ्या बरणीत. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असतं, तेव्हा पाणी रात्रभर उघडं ठेवायचं, मग पेटीतलं थोडं जुनं काढून थोडं नवं बारीक धारेनं सोडायचं. दुधानं तोंड पोळलेली सुगंधाबाई ताकही फुंकून पिणारी. तिनं आदल्या संध्याकाळीच न्हाणीतली लाल बादली भरून ओसरीत ठेवली, वर धडपा झाकला, मांजर हाकललं.

सकाळी हरिओम विजयमालेला घेऊन सोनोग्राफीला गेला आणि मुंजाजी, म्हणजे सुगंधाबाईचा नवरा, मेंढरं घेऊन रानात. सुगंधाबाईनं तांब्यानं पाणी सोडलं, अगदी तान्ह्याच्या टाळूवर तेल सोडावं तसं. मग समाधानानं चहा टाकला.

चहा पिऊन येते तो पेटीत भलतंच चाललेलं. पिल्लं वेड्यासारखी गरगरत होती, काचेला धडकत होती. काही वर येऊन तोंडं वासत होती. एक आडवं झालं, उलटं झालं आणि तसंच खाली गेलं. सुगंधाबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

पाण्यात काय आहे? ती बादलीपाशी धावली. कडीच्या सांध्यात लोकरीचा एक पुंजका अडकला होता. तिनं नाक खाली नेलं आणि तो वास आला, गोचिडाच्या औषधाचा. काल मुंजाजीनं मेंढरांना औषध लावलं होतं. औषध कालवायचा त्याचा जुना डबा गळायला लागलेला, म्हणून त्यानं हीच बादली नेली असणार आणि राखेनं घासून परत न्हाणीत ठेवली असणार. या घरात राखेनं घासलेलं भांडं देवालाही चालतं. देवाला चालत असेल. माशांना चाललं नाही. आणि ते पाणी रात्रभर राखून, झाकून, जपून तिनं स्वतःच्या हातानं पिल्लांवर ओतलं होतं.

आता बसून चालणार नव्हतं. नळाचं ताजं पाणी ब्लिचिंगचं. शिळं पाणी कुठलं? रांजणातलं! ते परवाचं होतं आणि घागरीनं भरलेलं. तिनं साबणानं हात धुतले, दुधाचं पातेलं रिकामं करून विसळलं, रांजणातल्या पाण्यानं भरलं, आणि चहाची गाळणी खळखळून घेऊन एकेक पिल्लू उचलायला लागली. पिल्लू गाळणीच्या काठावरून निसटायचं, की ती पुन्हा गाळणी बुडवायची. पोरकी कोकरं तिनं बाटलीनं जगवली होती. कोकराच्या छातीवर हात ठेवला की आहे-नाही कळतं. इथं हात ठेवायला जागाच नव्हती.

जी हलत होती ती पातेल्यात गेली. बाकीची पेटीच्या तळाशी राहिली, आणि ती बरीच होती. पातेल्यातलीही काही दुपारपर्यंत हलायची थांबली. सुगंधाबाई पातेल्यापाशी बसून राहिली, जेवली नाही. एकदा वाटलं, मेलेली काढून टाकावी, कोण मोजतंय? मग वाटलं, सून मोजते. रोज मोजते. आणि तिला धक्का बसला, पोटात दुखायला लागलं, मग?

ऑटो दारात थांबली. मागोमाग मुंजाजीही मेंढरं वळवून आला. "ठोके चांगले हायत, आई," हरिओम उतरता उतरता म्हणाला. हे ऐकायला ती महिनाभर तळमळली होती, आणि आता ऐकून जास्तच भ्याली. तिनं सुनेला खाटेवर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं, बादलीपासून गाळणीपर्यंत.

विजयमाला पातेल्यात बघत राहिली. डोळे भरले तिचे, पण आवाज हलला नाही. "वाईट तर लय वाटायलंय, आत्याबाई. पण शकुन तुमी धरला व्हता. मी न्हाई. बरणीत टाकायच्या आधी पिल्लांची ती आई रोज दोन-चार गिळत व्हती, तवा कुणाचा शकुन मोडला?"

सुगंधाबाईच्या जिवावरचं ओझं उतरतं न उतरतं तोच सुनेनं मान वर केली. "लाल बादली म्हंजी माझ्या आंघोळीची ना?"

सुगंधाबाईनं ओसरीतल्या बादलीकडं पाहिलं. पिल्लांच्या नादात तिला हे सुचलंच नव्हतं.

"औषध काल दुपारी लावलं," मुंजाजी दारातूनच म्हणाला. कालची आंघोळ त्याच्या आधीची. आणि आज सकाळी बादली माशांच्या पाण्यानं भरलेली, म्हणून विजयमालेनं पितळी घंगाळ घेतलं होतं. हिशोब लागला, तरी कुणाला हायसं वाटलं नाही.

"मला ठावं व्हतं ते औषध वंगाळ हाय," मुंजाजी पुटपुटला. "म्हणून तर गाभण मेंढ्या तेवढ्या बाजूला बांधल्या व्हत्या..." आणि बोलता बोलता त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. सुनेकडं बघायची त्याची छाती होईना.

सुगंधाबाई खाली बसली. तिनं दोन्ही हात सुनेच्या पोटावर ठेवले, आणि दिवसभर न रडलेली ती बाई तिथं हुंदके देऊन रडली. विजयमालेनं ते हात काढले नाहीत.