लाकडी कंपास आणि तीस अंश

दारव्ह्याच्या आमच्या शाळेत फळ्यावरचा लाकडी कंपास माझ्या ताब्यात असायचा. गणिताच्या सरांचा नियमच होता: चाचणीत ज्याला सगळ्यांत जास्त गुण, त्यानं कंपास सांभाळायचा आणि फळ्यावर जाणाऱ्याच्या हातात द्यायचा. नववीभर तो मान मी कुणाला मिळू दिला नव्हता, आणि दहावीची पहिली चाचणी होईपर्यंत तो माझ्याकडेच राहणार होता.

दहावीत बंजारा तांड्यावरची एक मुलगी आमच्या वर्गात आली. जीपमध्ये कोंबून बसून यायची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, त्यामुळे मराठीत कधीकधी अडखळायची, गणितात मात्र कधीच नाही. सर माझी वही बघून "बरोबर" म्हणत आणि सोडून देत. तिची वही हाती आली की खुर्ची ओढून बसत. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू.

तालुक्याच्या गणित स्पर्धेला वर्गातून एकालाच जायचं होतं. निवडीसाठी सरांनी फळ्यावर लिहिलं: जीवा त्रिज्येएवढी असेल, तर तिनं मोठ्या कंसावर केलेला कोन तीस अंशांचा असतो, सिद्ध करा. मीच आधी उठले. जीवेची टोकं केंद्राला जोडली. तिन्ही बाजू सारख्या, म्हणून केंद्राशी साठ अंश, परिघावर त्याचे निम्मे. आकृती अशी देखणी की पुसायला जीव होईना.

"बरोबर," सर म्हणाले. तेवढ्यात मागून तिचा हात वर. "सर, मले दुसरी रीत सुचून राह्यली. साइनची."

मी फळा पुसला. कंपास तिच्या हातात देण्याआधी पाठमोरी झाले आणि त्याचा स्क्रू दोन आटे ढिला केला.

वर्तुळ काढता काढता कंपासचे पाय फाकत गेले. रेष जिथून निघाली तिथे परत पोचलीच नाही, बोटभर फट राहिली. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.

तिनं पुसलं नाही. "हे गोल हाय असं समजा सर," म्हणाली आणि जीवेच्या एका टोकातून व्यास काढला. अर्धवर्तुळातला कोन काटकोन. व्यासाच्या दुसऱ्या टोकाशी असलेल्या कोनाचा साइन म्हणजे जीवा भागिले व्यास, म्हणजे एक छेद दोन. म्हणून तो कोन तीस अंशांचा. एकाच कंसातले कोन सारखे, तेव्हा त्या कंसावर बिंदू कुठंही घ्या.

पुढच्या बाकावरच्यानं उठून कोनमापक लावला. "सर, इथं तं छत्तीस येते!"

"आकृती चुकली बावा," सर म्हणाले, "सिद्धता कुठं चुकली?" मग तिच्याकडे वळले. "तालुक्याले तू जाशीन."

माझे कान तापले. माझंही उत्तर बरोबरच होतं ना! पण आकृतीवाचून मला एक पाऊल टाकता आलं नसतं, हे मलाच ठाऊक होतं.

सुट्टीत ती माझ्या बाकाशी आली. कंपास परत द्यायला.

"याचा स्क्रू ढिला होता वं. कसून देल्ला मी." मग कंपास बाकावर ठेवत, "तुह्या वेळेस तं घट्ट होता ना?"

"हो," मी म्हणाले.

ती गेली. सरांना तिनं कधीच काही सांगितलं नाही. मी तिच्या जागी असते तर त्याच तासाला सांगितलं असतं. मला तिच्या या न सांगण्याचाही हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.