विसूने दाखवलेलं चाक

विसू गेल्याचा निरोप तोंडवलीहून आला, तेव्हा मी गॅरेजमध्ये जीपखाली पडलो होतो. तसाच पडून राहिलो... आमच्या शेवटच्या भेटीला आठवडाही झाला नव्हता आणि माझा संताप अजून निवला नव्हता.

आम्ही चुलतभाऊ. पन्नासच्या दशकात मुंबईत एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. दोघेही शेठलोकांचे पगारी ड्रायव्हर. एका वर्षी मोटारींच्या एका व्यापाऱ्याने शहराबाहेरच्या, युद्धात बांधलेल्या धावपट्टीवर वेगळीच शर्यत ठेवली. सगळ्यांना एकाच बनावटीच्या, उघड्या, दोन आसनी गाड्या. किल्ल्या चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या. हौशी मालकही त्यात आणि आमच्यासारखे पगारीही. हरणाऱ्याला गाडीवर खापर फोडायची सोय नव्हती. जिंकेल त्याला व्यापाऱ्याकडे शर्यतीची कायम नोकरी.

शेवटच्या फेरीत मी पुढे, माझ्यामागे विसू, बाकीचे कुठल्या कुठे. पिंपं मांडून केलेल्या वळणाआधी तो माझ्या बाजूला आला आणि माझ्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून जोरजोरात हात हलवू लागला. चेहरा घाबराघुबरा. दुसरा कोणी असता तर मी बघितलंही नसतं. मी गाडी कडेला घेतली, उतरलो, चाक हलवून पाहिलं. घट्ट होतं! तोवर लोकांनी विसूला खांद्यावर घेतलं होतं.

"माका तसाच दिसला रे," खोलीवर आल्यावर तो म्हणाला. नोकरी त्याला मिळाली. मी मालवणला परतलो, गॅरेज टाकलं. पुढे त्या शर्यती बंद पडल्या तेव्हा तोही गावी, तोंडवलीला आला आणि काही घडलंच नाही असा माझ्याशी वागू लागला. मीही वागू दिलं.

शेवटी छातीच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरलं. भेटायला गेलो, तर वहिनीला चहा करायला पाठवून म्हणाला, "चाक बरा होता. माका म्हायत होता."

"मग आता कित्याक सांगतस?"

"आता तू माका मारूचस नाय, म्हणान." हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

इतकी वर्षं मला एका शंकेचा आधार होता: कदाचित त्याला खरंच तसं दिसलं असेल. जाता जाता तो आधारही काढून घेतलान... आणि मरणाऱ्या माणसावर ओरडणार तरी कसं? मी त्याला पाणी पाजलं आणि निघालो.

गॅरेजसमोर एक बाक आहे. रोज संध्याकाळी विसू तिथे डाव्या कडेला येऊन टेकायचा. आता गिऱ्हाइकं बसतात. कोणी त्या डाव्या कडेपर्यंत पाय पसरून बसला, की मी आतून ओरडतो, "जरा सरकान बस रे!" तो सरकतो. मग त्या रिकाम्या जागेकडे बघून माझं डोकं पुन्हा फिरतं.